ज्युरी पुन्हा येत नाही

सोळाव्या शतकात, मुर्तझा निजामशहाच्या काळात, नगरच्या बाहेर एक महाल उभा राहत होता. काम सुरू केलं चंगीझखानाने, पुढे नेलं नियामतखानाने. काम पूर्ण झाल्यावर सुलतान पाहायला आला. सोबत दरबारातली काही माणसं होती आणि त्यांचं नियामतखानाशी वाकडं होतं. त्यांनी इमारतीत खोट काढली, सुलतानाला ती पटली आणि नवाकोरा महाल पाडायचा हुकूम सुटला. मग सलाबतखानाने तो पुन्हा बांधला. १५८३ मध्ये तो पुरा झाला. ब्रिटिशकाळातल्या गॅझेटियरमध्ये ही हकिकत आहे. तो महाल म्हणजे आपली फराहबाग.

माझ्या माहितीतली नगरमधली ही पहिली आर्किटेक्चर ज्युरी. (आर्किटेक्चर शिकणाऱ्या कुणालाही ‘ज्युरी’ शब्द ऐकून पोटात गोळा का येतो, ते यावरून कळावं.) परीक्षक आले, पाहिलं, निकाल दिला, गेले. महाल राहायला कसा आहे, उन्हाळ्यात वरच्या मजल्यावर वारं येतं का, भोवतीच्या तलावाचं पाणी टिकतं का, हे त्या एका फेरीत कुणाला कळणार होतं? आज तो तलाव कोरडा आहे आणि अष्टकोनी महाल मातीत उभा आहे. पाणी वजा केलं की फराहबागेची निम्मी कल्पनाच जाते, कारण ती पाण्यातून पाहायची इमारत होती.

इमारतींना आणि शहरांना आज जे पुरस्कार मिळतात, त्यांच्याकडे मी या गोष्टीतून पाहते. त्यासाठी दूर जायची गरज नाही. जगातले वास्तुकलेचे विद्यार्थी ज्या इमारतींचे फोटो सेव्ह करून ठेवतात, त्यांतल्या निदान दोन आपल्या कोपरगाव तालुक्यात आहेत.

पहिली म्हणजे शारदा शाळेतली माया सोमैया लायब्ररी. समीप पडोरा यांच्या ऑफिसने ती केली, २०१८ मध्ये. फोटो तुमच्या फोनवर येऊन गेलाच असेल: विटांची एक लाट जमिनीतून उठते, वर जाते, पुन्हा जमिनीत उतरते आणि त्या लाटेवर शाळेची मुलं धावतायत. छप्पर पातळ आहे, खाली खांबांची रांग नाही. हे तंत्र स्पेनच्या कॅटलान गवंड्यांचं. चपट्या विटा आडव्या, थरावर थर चिकटवत कमान उभी करायची. आकारच असा निवडायचा की सगळं वजन दाबातून जमिनीत जाईल, ताण कुठे येणारच नाही. तो आकार शोधायला झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी तयार केलेलं सॉफ्टवेअर वापरलं गेलं. म्हणजे कॅटलान गवंड्याची अक्कल, स्वित्झर्लंडचं गणित आणि कोपरगावची शाळा.

इमारत चांगली आहे, हे आधी स्पष्ट म्हणते, कारण पुढे मी कुरकुर करणार आहे. तिचं सर्वांत मोठं शहाणपण मला विटांत दिसत नाही, जागेत दिसतं. शाळेच्या इमारती आणि कुंपण यांच्यामधली एक चिंचोळी पट्टी तिच्या वाट्याला आली होती. तिथे एक खोली बांधून मोकळं होता आलं असतं. पडोरांनी मुलांच्या जाण्यायेण्याच्या वाटेलाच इमारत केलं. पलीकडे जायचं तर छपरावरून जा, नाहीतर पुस्तकांमधून जा. लायब्ररीत ‘जावं’ लागत नाही, ती वाटेत येते. शहररचनेवरची जाडजूड पुस्तकं जे सांगत बसतात, ते इथे एका शाळेच्या कोपऱ्यात आहे. आणि छत जिथे जमिनीकडे उतरतं, तिथे मोठ्या माणसाला वाकावं लागतं आणि दहा वर्षांची मुलगी आरामात बसते. जागेचं माप कुणाच्या उंचीवर धरायचं, हा साधा प्रश्न फार थोड्या शाळांना पडतो.

आता कुरकुर. या इमारतीचे मी पाहिलेले बहुतेक फोटो ती नवी असतानाचे आहेत. विटा स्वच्छ, आकाश निळं, मुलं धावतायत. वास्तुकलेच्या नियतकालिकांना आणि पुरस्कारांच्या परीक्षकांना इमारत नेहमी याच वयात भेटते. लग्नाच्या अल्बमवरून संसाराला मार्क द्यावेत, तसं हे आहे. नगर जिल्ह्यातला मे महिना, जुलैचा एखादा तिरका पाऊस, जूनमध्ये नव्या मुलांची पहिली झुंबड, यांपैकी काहीच त्या अल्बममध्ये नसतं.

दुसरी इमारत साखरवाडीची. तिथल्या साखर कारखान्याच्या जागेवर याच पडोरांनी ‘जेतवन’ बांधलं, आसपासच्या आंबेडकरी बौद्ध समाजासाठी, साधनेचं आणि कौशल्य शिकण्याचं केंद्र म्हणून. एकही झाड तोडायचं नाही असं ठरवून झाडांच्या मधून इमारती बसवल्या. भिंतींत दगडखाणीची भुकटी ठोकून भरली, छपरं आतल्या अंगणाकडे उतरती ठेवली. मला हे काम लायब्ररीपेक्षा मोठं वाटतं, कारण त्यात जागा कुणाची, केंद्र कुणासाठी आणि साखर कारखान्याच्या गावात दलित वस्तीचं स्थान काय, असे प्रश्न आहेत. पण ते फोटोत लाटेसारखं उसळत नाही. सावलीत, झाडांखाली बसून राहतं. बोटाने स्क्रीन वर सरकवताना ते सहज निसटतं.

आणि शाळेच्या कुंपणाबाहेर कोपरगाव आहे. गोदावरीकाठचं गाव, आणि नळाला पाणी काही दिवसांआड. ‘पाच नंबरचा साठवण तलाव’ हे शब्द तिथल्या निवडणुकांत जितके घुमलेत, तितका दुसरा कुठलाही बांधकामाचा विषय घुमला नसेल. एका गावात जगाच्या नकाशावरची विटांची लाट आणि पाण्यासाठी भरून ठेवलेले ड्रम, दोन्ही आहेत. यात लायब्ररीचा काहीच दोष नाही. प्रश्न पुरस्कारांचा आहे. लाटेला बसवायला त्यांच्याकडे खाना आहे, साठवण तलावाला, जलवाहिनीला, गटाराला बहुतेक ठिकाणी नाही.

‘बहुतेक’ म्हणते, कारण अपवाद आहेत आणि ते पाहण्यासारखे आहेत. अमेरिकेतली आर्किटेक्टांची संस्था एक पुरस्कार फक्त २५ ते ३५ वर्षं जुन्या इमारतींना देते. २०१८ मध्ये त्यांना लायक इमारतच सापडली नाही, तर त्यांनी तो दिलाच नाही. आगा खान पुरस्कार १९७७ मध्ये सुरू झाला, तो साधारण दर तीन वर्षांनी दिला जातो. मुस्लिम समाज लक्षणीय संख्येने राहतो अशा प्रदेशांतल्या कामांसाठी तो आहे. त्यात तज्ज्ञ प्रत्यक्ष जागेवर जातात, वापरणाऱ्यांशी बोलतात, गळती-बिळती पाहतात, मग ज्युरी बसते. अशाच पद्धतीने १९९८ मध्ये तो आपल्या जळगाव जिल्ह्यात आला. चोपडा तालुक्यातल्या लासूरच्या कुष्ठरोग रुग्णालयाला. पेर क्रिस्तियान ब्रिनिल्डसन आणि यान ओलाव येन्सन या नॉर्वेच्या दोन तरुण आर्किटेक्टांचं काम. जवळच्या दगडाच्या भिंती, कमानदार छपरं, मध्ये अंगण. समाजाने गावाबाहेर टाकलेल्या माणसांना एक आत असलेली, राखलेली जागा. फोटो काढायला तिथे कोण जाणार होतं? शोधत जाणारी पद्धत होती म्हणून ते सापडलं.

पण जागेवर जाऊनही फसायला होतं, आणि याचं उदाहरण माझ्या जिल्ह्याशी नातं असलेल्या शहरातलं आहे. जामखेड तालुक्यातल्या चौंडीची अहिल्या होळकरांच्या घरात गेली, हे तुम्हाला शाळेपासून माहीत आहे. आता आमच्या जिल्ह्याचं नावही तिचं आहे. त्या होळकरांच्या इंदूरला आगा खान पुरस्कार लागोपाठ दोनदा मिळाला. १९९५ मध्ये बाळकृष्ण दोशींच्या अरण्य वसाहतीला: लोकांना जोतं, संडास-बाथरूम आणि नळ-गटाराची जोडणी द्यायची, वरचं घर ज्याचं त्याने ऐपतीप्रमाणे वाढवायचं. (दोशी जन्माने पुण्याचे. प्रित्झकर पुरस्कार मिळालेले पहिले भारतीय, तेही २०१८ सालीच.) आणि १९९८ मध्ये, लासूरबरोबरच, इंदूरच्या झोपडपट्टी सुधारणेला.

हा दुसरा पुरस्कार गटारांना होता. इंजिनीअर हिमांशु पारीख यांची कल्पना फार सुंदर होती. झोपडपट्ट्या शहराच्या नाल्याकाठी, उतारावर वसतात. म्हणजे शहराचं सांडपाणी नैसर्गिकरीत्या जिथून वाहतं, तिथेच. मग मैलावाहिन्या तिथूनच टाका. गरिबांच्या वस्तीला गटार मिळेल आणि सगळ्या शहराचं जाळं स्वस्तात जोडलं जाईल. झोपडपट्टी ही शहराची अडचण न राहता शहराचा मुख्य मार्ग होईल. जगाने टाळ्या वाजवल्या.

नंतर गीता देवान वर्मा या नगररचनाकार बाईंनी २००२ च्या ‘स्लमिंग इंडिया’ या पुस्तकात या कामाची चिरफाड केली. कागदावरचे दावे आणि वस्तीतली स्थिती यांत मोठं अंतर आहे, असा त्यांचा मुद्दा होता. तो वाद कुणी जिंकला यात मला रस नाही. मला दिसतं ते असं की गटार जमिनीखाली असतं. टाकलेल्या वर्षी ते वाहतंच. ते तुंबतं पाचव्या, सातव्या वर्षी, जेव्हा देखभालीचं बजेट संपतं आणि कंत्राटदार बदलतो. परीक्षक तेव्हा तिथे नसतो. कल्पनेला बक्षीस देता येतं, देखभालीला कुणी द्यायचं?

‘समिती येणार आहे’ म्हणजे काय, हे आमच्या जिल्ह्यात कुणाला शिकवावं लागत नाही. २००० साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं, तेव्हापासून गावोगावच्या शाळांतल्या मुलांनी झाडलोट केलीय, भिंतींवर सुविचार रंगवलेत, पाहुण्यांसाठी रांगोळ्या काढल्यात. मीही काढलीय. समिती गेली की दुसऱ्या दिवशी झाडू कोपऱ्यात. तरी मी त्या अभियानाला हसणार नाही, कारण त्यामुळे पुष्कळ घरांत पहिल्यांदा संडास आले. पण दहा वर्षांच्या मुलीलाही कळत होतं की मार्क गावाला नाहीत, एका दिवसाला आहेत. २०१६ पासून शहरांच्या स्वच्छतेचे क्रमांक लागतात, तेव्हा मला अजून तीच रांगोळी आठवते.

याच जिल्ह्यात हिवरे बाजार आहे. त्याला २००७ मध्ये पाण्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पोपटराव पवारांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. पण तिथली पाहण्याजोगी गोष्ट पुरस्कार नाही. दरवर्षी पाऊस मोजायचा, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडायचा आणि त्यावरून यंदा कोणती पिकं घ्यायची ते ठरवायचं. शेतीसाठी बोअर नाही, ऊस नाही. परीक्षक गावातच राहतात आणि निकाल चुकला तर उन्हाळ्यात त्यांच्याच विहिरीला तळ दिसतो. यात आर्किटेक्ट नाही, फोटोला लाट नाही. तरी डिझाइन या शब्दाचा अर्थ मला इथे जास्त नीट कळतो.

नगर शहरापाशीही असं एक काम होतं, बक्षीस नसलेलं. निजामशाहीत कापूरवाडी, वडगाव, शहापूर अशा आसपासच्या गावांकडून जमिनीखालून खापरी नळांनी शहरात पाणी आणलं होतं. पंप नाही, वीज नाही, फक्त उतार. फराहबागेचा तलाव, हौद, कारंजी, सगळ्यांची मदार अशा पाण्यावर होती. महालाची कथा गॅझेटियरमध्ये रंगवून येते: कोणी बांधला, कोणी पाडला, मुर्तझा तिथे बुद्धिबळ कुणाशी खेळायचा. नळ टाकणाऱ्या कुंभारांची आणि उतार धरणाऱ्यांची नावं मी कुठेही वाचलेली नाहीत. पाणी गेल्यावर महालाचं काय झालं, ते तिथे उभं राहिलं की दिसतं.

मला नव्या पुरस्काराची हौस नाही. आहेत त्यांनी एवढं केलं तरी चालेल: निम्मे मार्क आज द्यावेत आणि निम्मे सात वर्षांनी, त्याच जागी परत येऊन, फोटोग्राफरला न आणता.

कोपरगावची लायब्ररी झाली तेव्हा पाचवी-सहावीत असलेली मुलं आता कॉलेजच्या वयाची झालीत. ती परीक्षक होऊ शकतात, त्यांना अजून कुणी विचारलेलं दिसत नाही. तुमच्यापैकी कुणी त्या शाळेत असाल तर मला कळवा. मे महिन्यात दुपारी ते छप्पर पायाला किती भाजतं? पावसात कुठे गळतं का? मधल्या सुट्टीत वरून जायला अजून देतात, की कुणी पडेल म्हणून वाट बंद केली? आणि छपरावरून धावता धावता तुम्ही कधी खाली उतरून एखादं पुस्तक उघडलंत का?