वही कॅमेऱ्याखाली

शेवटच्या बाकावरच्या विद्यार्थ्याला सरांच्या हातातले जास्वंदीचे फूल म्हणजे नुसता एक लाल ठिपका. पुंकेसर कुठला नि स्त्रीकेसर कुठला, हे त्याला दिसते ते थेट परीक्षेत, पुढच्याच्या पेपरात! हा अन्याय दूर करायला डॉक्युमेंट कॅमेरा निघाला. १९८८ साली जर्मनीतल्या कोलोनला, फोटोकिना प्रदर्शनात, तो लोकांपुढे आला. बगळ्यासारखी मान वाकवून हा टेबलाकडे बघत बसतो. खाली ठेवाल ते पडद्यावर. ओव्हरहेड प्रोजेक्टरला पारदर्शक कागदाचे सोवळे असे. याला पान, नाणे, मेलेला मुंगळा, काहीही चालते.

यंत्राबद्दल तक्रार नाही. किमतीबद्दलही नाही, कारण २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पुण्यातल्या एका शिक्षिकेने कपड्यांच्या हँगरला मोबाईल टांगून हेच काम भागवले आणि तो फोटो देशभर फिरला. तक्रार आहे ती खाली काय ठेवतात याबद्दल. जे पाठ्यपुस्तक प्रत्येकाच्या दप्तरात आहे तेच भिंतीवर दाखवायचे, याला शिकवणे म्हणत असतील तर आमच्या बँकेतल्या नोटीस बोर्डालाही प्राध्यापक म्हणावे लागेल.

याच्याखाली ठेवायची खरी वस्तू म्हणजे पोराची वही, आणि तीही चुकलेली. समजा, कुणी ५२ वजा २७ बरोबर ३५ लिहिले. लाल फुली मारली की विषय संपला. पण पडद्यावर नीट बघा: दोनातून सात जात नाहीत, म्हणून पठ्ठ्याने सातातून दोन घालवले! पोरगा ढ नाही हो, त्याने अडचणीतून वाट काढली. फक्त वाट चुकली. त्याच वाटेवर आणखी दोघे-चौघे गुपचूप भेटायचे.

बँकेत संध्याकाळी हिशेब टॅली झाला नाही, तर आम्ही लगेच चोर शोधत नाही. आधी फरकाला ९ ने भाग जातो का ते पाहतो. गेला, तर कुणीतरी ५४ चे ४५ केले असण्याचा संभव. चूक सापडते, माणूस शाबूत राहतो.

वर्गातही तेवढे पथ्य पाळावे. वहीवरचे नाव झाकावे. अक्षर ओळखू येत असेल तर सरांनी ते गणित स्वतःच्या हाताने उतरवून घ्यावे. कारण पडद्यावर आकडा मोठा होतो, तसा अपमानही मोठा होतो. आणि फळ्यावरचे पुसायला निदान डस्टर तरी असते.