धवला लिहिताना

आमच्या बाळकुममध्ये गणपतीत एक स्मरणिका निघायची. गाण्यावर मी पहिल्यांदा लिहिलं ते तिच्यात. त्याआधी माझं लिहिणं म्हणजे सातबाऱ्यासाठीचे अर्ज आणि भजनी मंडळाच्या जमाखर्चाची वही. शिक्षण दहावी. स्मरणिकेची पोरं म्हणाली, दादा, तुमची काकी धवलारीण, तिच्यावर दोन पानं द्या. मी दोन रात्री बसलो आणि पानं भरली.

शहरातल्या वाचकाला धवलारीण ठाऊक नसेल म्हणून सांगतो. आम्हा आगरी लोकांत, कोळ्यांतही, लग्नाचे विधी धवल्यांवर चालायचे. धवला म्हणजे त्या त्या विधीचं गाणं, आणि ते गाणारी जाणती बाई म्हणजे धवलारीण. मांडवात उंबराची फांदी आणायची त्याचा धवला वेगळा, हळदीचा वेगळा. साथीला वाद्य नाही. बाई गाते तसा विधी पुढं सरकतो. ती मध्येच थांबली तर हळद लावणाऱ्या बायकांचे हात थांबायचे, हे मी लहानपणी पाहिलेलं आहे.

आणि मी लिहिलं काय? 'कोकिळकंठी काकी', 'स्वरांची बरसात', 'सारा मांडव मंत्रमुग्ध'. हे शब्द माझे नव्हते. पेपरात मैफलीच्या बातम्या येतात, त्यातून उचललेले. त्या बातम्यांत गाणारा कोणीही असो, राग कुठलाही असो, रसिक चिंब होतात आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट होतो. सगळे असं लिहितात, म्हणजे गाण्यावर असंच लिहायचं असतं, अशी माझी समजूत होती.

काकीला वाचता येत नाही. नातीनं तिला माझी पानं वाचून दाखवली. काकी सुकट निवडत होती. ऐकून झाल्यावर मला म्हणाली, "बाला, मी मेलंय काय रं? आसा तं मेल्यावं लिवतान." मग हसली. "न् कोकिला कंची? माझा गला तं फाटका हाय."

ती हसली, पण मला झोप लागली नाही. तिचं खरं होतं. त्या दोन पानांतून काकीचं नाव काढून दुसऱ्या कुणाचं घातलं असतं तरी काही बिघडलं नसतं. शेजारच्या गावची धवलारीण चालली असती, लता मंगेशकर चालल्या असत्या. काकी त्यात कुठंच नव्हती. तेव्हा आमच्या आळीत हळदीला डीजे यायला लागलेला. काकीला मांडवात बोलावायचे ते पाच मिनिटं, शूटिंगपुरतं. आमच्या घरातल्या एकाही सुनेनं किंवा पोरीनं धवले उचलले नव्हते. उद्या काकी गेली तर मागं राहणार होती ती माझी दोन पानं. त्यात होती एक कोकिळा!

मग मी ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात जायला लागलो. 1893 सालची संस्था. भात झोडून झालं की आम्हाला तशी सवड असते. गाण्यावरचं पुस्तक द्या म्हटलं तर तिथल्या माणसानं वामनराव देशपांड्यांचं 'घरंदाज गायकी' हातात दिलं. 1961 सालचं. पहिल्यांदा वीस पानांत थांबलो. दुसऱ्यांदा निम्म्यात. तिसऱ्यांदा पुरं केलं, आणि मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

देशपांडे पेशानं चार्टर्ड अकाउंटंट, आणि ते पुस्तकात दिसतं. जमा कुठं, खर्च कुठं, हे त्यांना नेमकं लागतं. त्यांचं म्हणणं माझ्या भाषेत असं: गाण्यात दोन गोष्टी असतात, सूर आणि लय. एका टोकाला सूर धरा, दुसऱ्या टोकाला लय. मग एकेक घराणं या दोन टोकांच्या मध्ये कुठं बसतं ते पाहा. किराणा घराणं सुराच्या बाजूला, कारण तिथं एकेक सूर लांबवून, निरखून लावतात. आग्रा लयीच्या बाजूला, तिथं बोल आणि ताल यांची झटापट चालते. जयपूर-अत्रौली मध्यावर, दोन्हींचा तोल सांभाळून. एवढं समजलं आणि मला वाटलं, कुणीतरी शेताला बांध घालून दिले. आता निदान कुठं उभा आहे ते कळेल.

खरं सांगायचं तर रेडिओवर शास्त्रीय गाणं लागलं की मी खटका फिरवणाऱ्यांतला. पण ठाण्यात राहून राम मराठ्यांचं नाव कानावर न येणं अवघड. 'मंदारमाला' नाटकाला चाली देणारे आणि त्यात गाणारे राम मराठे ठाण्यातच राहायचे; महापालिका त्यांच्या नावानं संगीत महोत्सव भरवते. त्यांचं गाणं मी तरुणपणी एकदा ऐकलं होतं. तेव्हा एवढंच लक्षात राहिलं की माणूस तबलजीशी जणू कबड्डी खेळतोय. रेषेवर येतो, हूल देतो, परत जातो आणि नेमका समेवर पाय टेकतो. 'घरंदाज गायकी' वाचल्यावर त्यांची ध्वनिफीत आणून पुन्हा ऐकली. जगन्नाथबुवा पुरोहित आणि विलायत हुसेन खाँ यांच्याकडची त्यांची तालीम, म्हणजे आग्र्याचा वारसा. जी कबड्डी मला दिसली होती तिला नाव होतं, जागा होती. मी अडाणी असलो तरी ऐकलं ते बरोबर ऐकलं होतं. लिहायला मात्र 'मंत्रमुग्ध' एवढाच शब्द जवळ होता.

तरी देशपांड्यांशी माझं एक भांडण आहे. ते स्वतः मोगूबाई कुर्डीकरांकडे शिकले, म्हणजे जयपूर घराण्यात. आणि मोजून मोजून बरोबर मध्यावर आलं ते जयपूरच. आमच्याकडं दोन भाऊ वाटण्या करतात तेव्हा टेप ज्याच्या हातात, त्याचा बांध सरळ निघतो. म्हणून पुस्तक खोटं ठरत नाही. टेप त्यांनी सगळ्यांसमोर धरलेली आहे. कुठं मोजलं, कसं मोजलं, हे स्वच्छ लिहिलंय, त्यामुळेच माझ्यासारख्याला भांडता तरी येतं. 'स्वरांची बरसात' म्हणणाऱ्याशी काय भांडणार? किती पडला पाऊस, कुठं पडला, तो काहीच सांगत नाही.

केशवराव भोळे 'एकलव्य' या नावानं गवयांवर लिहायचे, तेही वाचलं. हा तर चाली बांधणारा माणूस. प्रभातच्या 1936 सालच्या 'संत तुकाराम'चं संगीत त्यांचं. त्यांना आवडलं नाही तर ते काय आवडलं नाही ते सांगतात. बी. आर. देवधरांचं 'थोर संगीतकार' मात्र मी एका बैठकीत वाचलं. गवई कसे राहायचे, कसे बोलायचे, कसा रियाज करायचे, हे शेजारच्या ओटीवर बसून सांगावं तसं त्यांनी सांगितलंय. नवीन वाचणाऱ्यानं सुरुवात तिथून करावी. माझी उलटी झाली.

पण काकीचा धवला या पुस्तकांत कुठं शोधू? ती ना सुराच्या टोकाला, ना लयीच्या. म्हणून भजनी मंडळाची पेटी घरी आणली आणि काकीला म्हटलं, एक ओळ म्हण. तिचा सूर काळी चारच्या आसपास बसला. पट्ट्या शोधत गेलो. सारा धवला चार सुरांत फिरत होता. त्यातले तीन पेटीवर सापडले. चौथा काही केल्या मिळेना. एक पट्टी दाबली की चढा वाटे, तिच्या डावीकडची दाबली की उतरलेला. काकी दर वेळी तिथंच, त्या दोन पट्ट्यांच्या फटीत लावायची. मी आधी म्हटलं, काकी बेसूर होतेय. पण दहा वेळा म्हणायला लावलं, दहाही वेळा तिथंच. बेसूर माणूस असा एकाच जागी पडत नाही. पेटीची ही खोट जुनी आहे म्हणे. 1940 साली रेडिओनं पेटीला बंदी घातली होती, त्यात हेही एक कारण होतं. आम्ही जन्मभर पेटीवर भजन केलं, आमच्या कधी ध्यानात आलं नाही.

मग मी दुसऱ्यांदा लिहिलं. ते असं:

"काकी ओळ उचलते. शेजारची बाई ओळीच्या शेवटच्या दोन शब्दांवर तिला येऊन मिळते आणि तीच ओळ पुन्हा म्हणते. तेवढ्यात काकी श्वास घेते. त्यामुळे गाण्यात खंड पडत नाही. चाल चार सुरांची आहे. तिसऱ्या सुरावर काकी थांबते, तिथं आवाज चिरकतो. ती तो लपवत नाही, उलट तिथंच जोर देते. ताल हाताचा नाही. हळद लावणाऱ्या हाताची जी चाल, तीच गाण्याची. पाच बायका लावून होईपर्यंत एकच कडवं, फक्त नाव बदलून. घाई कुणी केली तर काकी ओळ आणखी सावकाश घेते."

हे लिहायला मला अख्खा उन्हाळा लागला. एकही विशेषण नाही म्हणून पोरांना ते कोरडं वाटलं. एकानं विचारलं, दादा, यात भावना कुठंय? मी म्हटलं, चिरकतो तिथं.

कागद घेऊन काकीकडे गेलो. या वेळी मीच वाचलं. उंबराच्या धवल्याचाही एक परिच्छेद होता. काकी डोळे मिटून ऐकत होती. श्वासाची ओळ आली तेव्हा तिनं मान हलवली. चिरकण्याचं आलं तेव्हा म्हणाली, "हा, यो फाटका गला माझा." पुढं उंबराचं वाचायला लागलो आणि तिनं मला थांबवलं.

"बसून काय लिवलास? उंबराला मी बसत नाय. उभी रातंव."

मी खिशातून पेन काढलं, 'बसून' खोडलं आणि वर 'उभी राहून' लिहिलं.

"आता वाच फुरं," काकी म्हणाली.