टेकमधले ॲरे : नाव, जागा आणि अभाव

तत्त्वज्ञानाचा माणूस रिसोडात येऊन संगणकावर बोलणार म्हटल्यावर मागे थोडी कुजबुज झाली, ती आम्ही ऐकली. पण विषय आमचाच आहे.

आमच्या ग्रंथाची शब्दसूची आम्ही टेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीत केली. पहिल्या संज्ञेचं पान, दुसरीचं पान, असे क्रमांकाचे खाने हवे होते. अशा खान्यांना ॲरे म्हणतात. डोनाल्ड क्नुथ यांनी १९७८ मध्ये टेक आणली ती पानं जुळवायला, त्यामुळे तिच्यात ॲरेच नाही. १९८२ च्या टेकमध्ये आकड्यांसाठी २५६ रजिस्टरं आहेत.

पहिला उपाय, सगळे आकडे एकाच मॅक्रोत भरत जाणं. पण दर नव्या आकड्याला जुनी यादी पुन्हा उतरवली जाते. बाजार समितीच्या यार्डात एक पोतं वाढवायला अख्खी थप्पी उतरवून पुन्हा लावावी, तसं. हजार नोंदींना सुमारे पाच लाख उतरवण्या होतात.

दुसरा उपाय सीएसनेम. दर खान्याला स्वतंत्र नाव द्यायचं, 'पान१', 'पान२'. टेक नावावरून थेट वस्तू काढते, यादी वाढली तरी वेळ जवळपास तेवढाच. याचं कौतुक सगळे करतात, आम्हीही करतो.

आता आमचा आक्षेप ऐका. कधीच न दिलेलं नाव सीएसनेमनं विचारलं, तर टेक ते नाव तिथल्या तिथे निर्माण करते आणि त्याचा अर्थ ठरवते 'रिलॅक्स', म्हणजे काही करू नकोस. वैशेषिकांनी अभाव हा वेगळा पदार्थ मानला. जमिनीवर घट नाही, हेही एक ज्ञान आहे. इथे मात्र घट आहे का विचारताच रिकामा घट मांडला जातो! आम्ही एक क्रमांक चुकवला, चूक आमचीच. संज्ञेपुढची जागा कोरी छापली गेली आणि टेकनं हूं की चूं केलं नाही.

ई-टेकनं 'इफसीएसनेम' दिलं. नाव आहे की नाही ते बघायचं, निर्माण न करता. शिवाय रजिस्टरं ३२,७६८ झाली.

तिसरा उपाय लाटेक-थ्रीचा इन्टॲरे. पीडीएफटेकमध्ये तो आकडे ठेवतो फॉन्टची मापं ठेवायच्या खान्यांत. काही जण याला जुगाड म्हणतात. आम्हाला तो दोष वाटत नाही, कारण वापरणाऱ्यासमोर येतं ते सरळ नाव. किंमत एवढीच, की खान्यांची संख्या आधी सांगावी लागते आणि फक्त पूर्णांक चालतात. पण हद्दीबाहेरचा खाना विचारला, तर तो स्पष्ट त्रुटी दाखवतो.

कार्यक्षमता म्हणजे किती सेकंद वाचले, एवढंच मोजतात. आम्ही आणखी एक कसोटी मागतो : जे नाही ते विचारल्यावर ही रचना काय सांगते? कारण पुस्तकातली कोरी जागा वाचकाला काहीच सांगत नाही. म्हणून पूर्णांक असतील आणि संख्या माहीत असेल तर इन्टॲरे घ्या. नाहीतर नावांचा मार्ग खुशाल घ्या, पण वस्तू मागण्याआधी 'आहे का?' एवढं विचारा.