खरेदीखतें छापण्याच्या पद्धतीविषयीं कांहीं विचार

ऐतिहासिक कागदपत्रें प्रसिद्ध करण्याचें काम महाराष्ट्रांत शतकाहून अधिक काळ चाललें आहे. कै. विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांनीं सन 1898 पासून 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचे 22 खंड काढून जी वाट पाडली, तिच्यावरून पुढें अनेकांनीं चालून दप्तरें उजेडांत आणिलीं. या उद्योगाविषयीं आमच्या मनांत आदरच आहे. तथापि एका जातीच्या कागदाची संपादक व संग्राहक या दोघांच्याहि हातून हेळसांड होते, तिची चर्चा करणें आम्हांस अवश्य वाटतें. हा कागद म्हणजे घरा-जमिनीचें खरेदीखत. सनदा, महजर, निवाडपत्रें हीं अक्षरशः छापलीं जातात. खरेदीखत आलें कीं विकणाराचें नांव, घेणाराचें नांव, किंमत व मिति एवढें ठेवून बाकीचा मजकूर 'चतुःसीमा वगैरे नेहमींप्रमाणें' अशा एका ओळींत गुंडाळला जातो. आमचें म्हणणें असें कीं, जें गाळलें तेंच बहुधा त्या कागदाचें सार असतें.

या म्हणण्यास धर्मशास्त्राचा आधार आहे. राजानें भूमिदानाचा लेख कसा करावा हें सांगतांना याज्ञवल्क्यस्मृतीनें दात्याचें व त्याच्या पूर्वजांचें नांव, दिलेल्या वस्तूचें परिमाण, मर्यादांचें वर्णन, मुद्रा आणि काल हीं अंगें सांगितलीं आहेत. भूमीच्या हस्तांतरास गांव, भाऊबंद, शेजारी व दायाद यांची अनुमति असावी असें वचन मिताक्षरेंत घेतलें असून, शेजाऱ्याची अनुमति कशाकरितां, तर पुढें सीमेविषयीं तंटा पडूं नये म्हणून, असा खुलासा विज्ञानेश्वरानें केला आहे. तेव्हां शेजाऱ्याचें नांव दस्तांत जागा भरण्याकरितां येत नसून तो सीमेचा साक्षी म्हणून येतो.

नाशिककरांस याचें प्रत्यंतर शोधण्यास दूर जावें लागत नाहीं. पांडवलेण्यांच्या दहाव्या लेण्यांत नहपान क्षहराताचा जांवई उषवदात याचे लेख आहेत. त्यांतील एकांत, 42 व्या वर्षीं भिक्षुसंघास लेणें देऊन, गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे 3000 कार्षापणांची अक्षयनीवि ठेविल्याचें नमूद आहे. 2000 वर दरमहा शेंकडा एक व 1000 वर दरमहा शेंकडा पाऊण असें व्याज, असा अर्थ विद्वान् करितात. हें सर्व निगमसभेंत ऐकवून रिवाजाप्रमाणें फलकावर 'निबद्ध' केलें, असें लेखाच्या ओघांत म्हटलें आहे. आजच्या 'दुय्यम निबंधक' या हुद्द्यांतील शब्द त्याच धातूचा आहे. ते फलक केव्हांच नष्ट झाले. दात्यानें खडकांत कोरविलेली प्रत तेवढी उरली.

त्याच लेण्यांतील दुसऱ्या लेखांत वाराहीपुत्र अश्विभूति या ब्राह्मणाकडून 4000 कार्षापणांस शेत विकत घेतल्याची नोंद आहे. विकणाराचें नांव आहे, शेत त्याच्या बापाचें होतें हा हक्काचा पुरावा आहे, किंमत आहे, तें नगरसीमेवर वायव्येस होतें अशी दिशाहि आहे. परंतु लगतच्या शेतांची नांवें नाहींत. म्हणून तें शेत नेमकें कोणतें, हें आज कोणासहि दाखवितां येत नाहीं. तिसऱ्या लेण्यांतील गौतमीपुत्र सातकर्णीच्या 24 व्या वर्षाच्या लेखांत तर, पूर्वीं दिलेलें शेत पिकत नाहीं व तें गांवहि वसत नाहीं, म्हणून नगरसीमेवरील राजाच्या शेतांतून 100 निवर्तनें द्यावीं अशी आज्ञा आहे. नुसत्या गांवाच्या नांवावर विसंबलेल्या नोंदीची काय गत होते तें यावरून दिसतें.

आतां अर्वाचीन नोंदणीकडे वळूं. इंग्रजी अमलांत सन 1864 पासून सक्तीच्या नोंदणीचे कायदे होत जाऊन सन 1908 च्या 16 व्या कायद्यांत त्यांस स्थिर रूप आलें. त्याच्या 21 व्या कलमांत शहरांतील घर रस्त्याच्या कोणत्या बाजूस आहे, आज त्यांत कोण राहतो व पूर्वीं कोण राहत असे, हें लिहावें असें म्हटलें आहे. इतर घरें व जमिनी यांचें क्षेत्र व लगतच्या मिळकती सांगाव्या असें आहे. स्थावराचे दस्त पुस्तक क्रमांक 1 मध्यें उतरतात. त्याच्या दोन सूची असतात: पहिली पक्षकारांच्या नांवांची व दुसरी, लोकांच्या तोंडचा 'इंडेक्स टू', मिळकतींची. हें पुस्तक व या सूची फी भरून कोणासहि पाहतां येतात. मृत्युपत्रांच्या व किरकोळ दस्तांच्या पुस्तकांस मात्र ही मोकळीक नाहीं; तीं वेगळे निर्बंध पाळूनच मिळतात.

वकील बहुधा तीस वर्षांचा शोध घेऊन थांबतो. त्याचें काम तेवढ्यानें भागतें. इतिहासाच्या अभ्यासकानें तेथेंच थांबण्याचें कारण नाहीं. समजा, पंचवटींतील एका घराच्या खतांत पूर्वेस बोळ, दक्षिणेस अमक्याचें घर, पश्चिमेस गंगा व उत्तरेस तमक्याचा वाडा असें लिहिलें आहे. दक्षिणेकडील अमक्याचें नांव पहिल्या सूचींत काढून त्याचा दस्त पाहावा. त्याच्या उत्तरसीमेस आपल्या घराच्या मालकाचें नांव आलें, तर दोन्हीं खतें एकमेकांस साक्ष झालीं. निराळें नांव आलें, तर मधल्या काळांत मिळकत हात बदलून गेली, किंवा दोहोंपैकीं एक लेख चुकला, असें समजून पुढें शोधावें. असे दहा-वीस दस्त सांधले म्हणजे एक अख्खी आळी कागदावर उभी राहते. पुराच्या पाण्यानें व रुंद झालेल्या रस्त्यांनीं जुनें नाशिक ज्या वेगानें पालटलें, तो पाहतां कित्येक वाड्यांचा ठावठिकाणा सांगण्यास हीच साक्ष उरणार आहे.

क्रमांक मिळाला कीं सीमांचें काय काम, असें कोणी म्हणेल. परंतु क्रमांक स्थिर नसतात. घरांस नगरपालिकेचा एक अंक, तर नगरभूमापनाचा दुसरा. शेतांचे जुने सर्व्हे नंबर सन 1947 च्या कायद्याखालीं एकत्रीकरण झाल्यावर अनेक गांवीं जाऊन तेथें गट नंबर आले. संगणकावरील शोधानें अलीकडच्या दस्तांचें काम पुष्कळ सोपें केलें आहे. पण तोहि नांव किंवा क्रमांक यांवरूनच चालतो. सीमेवरून शोध घेण्याची सोय संशोधकांनींच करून ठेविली पाहिजे.

या साधनाच्या मर्यादाहि सांगितल्या पाहिजेत. शंभर रुपयांखालच्या विक्रीस नोंदणीची सक्ती नव्हती. वारसानें आलेली मिळकत किंवा तोंडी झालेली वांटणी पुस्तकांत सांपडत नाहीं. म्हणून पुस्तकांत नोंद नाहीं एवढ्यावरून व्यवहार झाला नाहीं असें अनुमान काढूं नये. उलट, खरेदीखत म्हणून लिहिलेला कागद मुळांत गहाणाचा असूं शकतो; मुदत-खरेदीच्या नांवाखालीं कर्ज देण्याची चाल सर्वश्रुत आहे. तसेंच एकच मनुष्य एका दस्तांत उपनांवानें, दुसऱ्यांत धंद्यावरून व तिसऱ्यांत केवळ बापाच्या नांवासह येतो. अशा वेळीं येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतील वंशावळी ताडून पाहाव्या.

संग्राहकांस एक विनंती आहे. नोंदलेल्या दस्ताच्या पाठीवर नोंदणीचे शेरे असतात: कोणी कबुली दिली, कोणी ओळख पटविली, अधिकाऱ्यासमोर रक्कम पोंचली कीं नाहीं, आणि शेवटीं दस्ताचा अंक, पुस्तक व पृष्ठ. मोडींतील सुबक अक्षर व मुद्रांकाचा छाप दिसावा म्हणून कित्येक संग्राहक कागद कापडावर चिकटवितात किंवा कांचेंत बसवितात, आणि पाठ कायमची झांकली जाते. ही पाठ म्हणजे कचेरींतील प्रतीपर्यंत जाण्याचा रस्ता होय. मूळ कागद वाळवीनें खाल्ला तरी तेवढ्या अंकावरून नक्कल काढतां येते. आणि कचेरींतील पुस्तक जीर्ण झालें तर मूळ कागद उपयोगीं पडतो. दोहोंपैकीं एक प्रत नाहींशी होणें हें नित्याचेंच आहे. उषवदाताच्या फलकांचें उदाहरण वर दिलेंच आहे.

जागेची अडचण संपादक पुढें करितात, ती खरी आहे. पण कात्री लावावयाची तर ती निर्वेध उपभोगाच्या, वारसांनीं हरकत न घेण्याच्या व तोशीस लागूं न देण्याच्या कलमांस लावावी. तीं खतोखतीं सारखींच असतात. चारी सीमा, लगतच्या मालकांचीं नांवें, किंमत व नाणें, मिळकत विकणाराकडे कशी आली तें कलम, लेखक, साक्षीदार आणि पाठीवरील शेरे हीं मात्र अक्षरशः छापावीं. ग्रंथाच्या शेवटीं व्यक्तिसूचीबरोबर सीमासूचीहि द्यावी. मोडी वाचणारे दिवसेंदिवस विरळ होत आहेत. म्हणून हें काम प्रथम जुन्या मोडी खतांपासून हातीं घ्यावें, आणि नाशिक व पंचवटी येथील ज्यांच्या घरीं अशीं खतें असतील त्यांनीं तीं दोन्हीं बाजूंनीं उतरून मंडळाकडे पाठवावीं, एवढी सूचना करून आम्ही हा लेख पुरा करितों.