नाटक सुटल्यावरचा अर्धा तास

‘शहरात नवं नाट्यगृह झालं की धंदा वाढतो’ हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. मला ते अर्धंच पटतं. नुसती इमारत पैसा आणत नाही. नाटक सुटल्यावर माणसं जो अर्धा तास रेंगाळतात, तो आणतो.

आम्हा ओल्ड एअरपोर्टवाल्यांना हे पडताळणं सोपं आहे. ‘अल मतार अल कदीम’ला रेड लाइनची मेट्रो पकडा आणि कताराला उतरा. २०१० साली सुरू झालेल्या या सांस्कृतिक संकुलात ५५० आसनांचं ऑपेरा हाऊस आहे आणि पाच हजार माणसं बसतील असा खुला प्रेक्षागारही. देखणं आहे, वादच नाही. पण कार्यक्रम संपला की गर्दी आवारातल्याच रेस्टॉरंटांत शिरते, नाहीतर पार्किंगकडे वळते. आपल्या गल्लीतल्या चहावाल्यापर्यंत त्यातलं काही पोचत नाही.

आता दादरचं शिवाजी मंदिर आठवा. १९६५ पासून भर वस्तीत, स्टेशनापासून चालत जाण्याच्या अंतरावर. रविवारी एकाच रंगमंचावर दोन-तीन प्रयोग. प्रत्येक प्रयोगामागे टेम्पो, नेपथ्य लावणारे, प्रकाश-ध्वनीवाले, कपड्यांना इस्त्री करणारा, मध्यंतरातला बटाटेवडा. बाहेर पडलेला प्रेक्षक फुटपाथवरून चालतो आणि चालताना काहीतरी घेतोच.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१५च्या सुमारास पॅलेस थिएटर उभारलं, तेच पुढे केशवराव भोसले नाट्यगृह झालं. शेजारीच खासबागचं कुस्ती मैदान. नाटकाचा आणि कुस्तीचा प्रेक्षक एकाच परिसरात आला. ८ ऑगस्ट २०२४ च्या आगीत ते नाट्यगृह जळालं, तेव्हा नटांबरोबर प्रयोगांवर पोट असलेल्या पडद्यामागच्या माणसांचीही कमाई थांबली.

तुम्ही म्हणाल, नाटकाला नाही गेलो तर तोच पैसा मॉलमध्ये जाईल. बरोबर आहे. घराचं सुट्टीच्या दिवसाचं बजेट नाट्यगृहामुळे वाढत नाही, फक्त त्याची वाट बदलते. म्हणून तर ती वाट कुणाच्या दारावरून जाते हे महत्त्वाचं.

इथे आमचं नाटक वर्षातून एखाद्या वेळी, भाड्याच्या हॉलमध्ये. मागच्या खेपेला वड्यांची ऑर्डर आमच्या बिल्डिंगमधल्या वहिनींकडे होती. मध्यंतर पंधरा मिनिटांचं, आणि पडदा पडताच ‘हॉल रिकामा करा’ची घाई. निम्मे वडे डब्यात परत आले. प्रयोग हाउसफुल्ल होता, तरी वहिनींना तोटाच झाला.

तेव्हा कुणी नव्या नाट्यगृहाचा आराखडा दाखवला, तर आसनं मोजू नका. वर्षाला प्रयोग किती होणार, लोक चालत येऊ शकतील का आणि शेवटचा पडदा पडल्यावर दार किती वेळ उघडं राहील, एवढं विचारा.