काळी गिटार आणि ‘तोच हा’ : चाहत्यांच्या आठवणींचं काय करायचं?

मागे ऐकू येतंय ना? बरं.

तत्त्वज्ञानाच्या निवृत्त मास्तराने रॉक बँडवर का बोलावं, हा प्रश्न संयोजकांनी आम्हाला विचारला नाही, पण तो त्यांच्या चेहऱ्यावर होता. (हशा) खुलासा एवढाच की आम्ही संगीतावर बोलणार नाही. ते आमचं क्षेत्र नाही. बोलायचं आहे ते चाहत्यांच्या आठवणींवर. पिंक फ्लॉइड या इंग्लिश बँडचे चाहते गेली पन्नासेक वर्षं आठवणी सांगत आले आहेत, आणि त्या आठवणींच्या मधोमध बहुतेक वेळा एक गिटार उभी असते. एक लेखनप्रकार म्हणून या आठवणी आम्ही पुष्कळ वाचल्या, आवडीने वाचल्या. आणि त्यांच्याविषयी आमची एक तक्रार आहे.

आधी ती गिटार. 1970 साली अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना न्यू ऑर्लिन्समध्ये बँडचं सामान चोरीला गेलं. त्यात डेव्हिड गिल्मोर यांची थोड्याच दिवसांपूर्वी घेतलेली काळी स्ट्रॅटोकास्टर गेली. मग त्यांनी न्यूयॉर्कच्या मॅनीज या दुकानातून दुसरी काळी घेतली. म्हणजे जिला आज चाहते ‘ब्लॅक स्ट्रॅट’ म्हणून देवघरात बसवतात, ती मुळात दुसरीवर आलेली! ‘द डार्क साइड ऑफ द मून’, ‘विश यू वेअर हिअर’, ‘द वॉल’ या तिन्ही अल्बमांत ती आहे. 1980 च्या दशकात ती हार्ड रॉक कॅफेत गेली, पुढच्या दशकात परत आली, आणि 2 जुलै 2005 रोजी लंडनच्या हाइड पार्कमध्ये, लाइव्ह 8 च्या मंचावर, गिल्मोर, वॉटर्स, राइट आणि मेसन हे चौघं शेवटचे एकत्र वाजले तेव्हा गिल्मोर यांच्या गळ्यात तीच होती.

‘तीच’ म्हणालो खरं. पण या पस्तीस वर्षांत तिचं काय काय झालं पाहा. पांढरं पिकगार्ड गेलं, 1974 साली काळं आलं. नेक, म्हणजे गिटारची मान, एकदा नव्हे, अनेकदा बदलली. पिकअप बदलले. मध्यंतरी तिच्यावर काहलर कंपनीचा ट्रेमोलो बसवला, त्यासाठी लाकूड कोरून काढलं, पुढे तो ट्रेमोलो काढून तो खळगा बुजवला. थीसिअसच्या नौकेची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे, ती आम्ही सांगत बसत नाही. आपल्या घरची सांगतो. न्याय-वैशेषिकांच्या काटेकोर हिशेबाने अवयव बदलला की जुना अवयवी नाहीसा होतो आणि नवा उत्पन्न होतो. त्या हिशेबाने 2005 साली हाइड पार्कमध्ये 1970 ची गिटार नव्हतीच. नैयायिकाला लिलावात बोली लावायला पाठवू नये ते यासाठी. (हशा)

लिलाव झाला तो 20 जून 2019 रोजी, न्यूयॉर्कला, क्रिस्टीजमध्ये. गिल्मोर यांनी सव्वाशेच्या आसपास गिटारी विकायला काढल्या. सगळे मिळून दोन कोटी डॉलरहून अधिक आले आणि ते क्लायंटअर्थ या पर्यावरणासाठी कायद्याची लढाई लढणाऱ्या संस्थेला दिले गेले. एकट्या काळ्या स्ट्रॅटला 39 लाख 75 हजार डॉलर. घेणारे होते जिम अर्से, अमेरिकन फुटबॉलच्या एका संघाचे मालक. देणाऱ्याविषयी आम्हाला आदरच आहे. आमचा प्रश्न वेगळा आहे. एवढे पैसे कशाचे? लाकडाचे नव्हेत. बदललेल्या नेकचे तर नव्हेतच. ते आठवणींचे पैसे आहेत, आणि त्या आठवणी विकणाऱ्याच्या नाहीत, घेणाऱ्याच्याही नाहीत. त्या हजारो परक्या लोकांच्या आहेत.

आता आमची तक्रार. या आठवणींचा एक ठरलेला साचा आहे. वय तेरा-चौदा. थोरल्या भावाची किंवा शेजारच्या दादाची खोली. रात्र; बहुधा पाऊस. रेकॉर्ड किंवा कॅसेट. आणि मग तो सोलो, ‘त्या काळ्या स्ट्रॅटचा आवाज’. इथपर्यंत आलो की आम्ही पेन्सिलीने समासात प्रश्नचिन्ह काढतो. ‘द वॉल’ बाजारात आला नोव्हेंबर 1979 मध्ये. वेष्टनावर नुसत्या पांढऱ्या विटा. वाजवणाऱ्यांचा फोटो नाही, गिटारचा तर नाहीच. चौदा वर्षांच्या पोराला त्या रात्री ती काळी आहे हे कळलं कुठून? कळलं नंतर. मासिकांतून, चित्रफितींतून, पुढे फिल टेलर यांच्या पुस्तकातून. हे गृहस्थ 1974 पासून गिल्मोर यांच्या गिटारी सांभाळत आले, आणि त्यांनी त्या एका गिटारवर अख्खं पुस्तक लिहिलं. नंतर कळलेलं मागे जाऊन त्या खोलीत ठेवलं गेलं. दिवाळीच्या जुन्या फोटोत नवा सोफा चिकटवावा तसं.

बरं, ठेवलं ते तरी बरोबर ठेवावं! ‘अनदर ब्रिक इन द वॉल’च्या दुसऱ्या भागातला तो प्रसिद्ध सोलो काळ्या स्ट्रॅटचा नाहीच. तो 1955 च्या सोनेरी गिब्सन लेस पॉलचा. ‘मनी’मधल्या सोलोचा वरच्या पट्टीतला भाग बिल लुईस या कारागिराने बनवलेल्या चोवीस फ्रेटच्या गिटारवर वाजवलेला, कारण स्ट्रॅटवर तेवढी जागाच नाही. आणि 2007 साली रॉजर वॉटर्स मुंबईत आले, तेव्हा गिल्मोर त्यांच्यासोबत नव्हते. ते सोलो डेव्ह किल्मिन्स्टर आणि स्नोई व्हाइट यांनी आपापल्या गिटारवर वाजवले. त्या कार्यक्रमाला गेलेली आमची एक विद्यार्थिनी आजही म्हणते, “सर, तोच आवाज होता.”

तोच. या शब्दापाशी जरा थांबायला हवं.

अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात स्मृतीची व्याख्या आहे : केवळ संस्कारातून उपजणारं ज्ञान. इंद्रियांचा तिथे संबंध नाही. पण संस्कार आणि इंद्रिय दोन्ही एकत्र आले, समोर काहीतरी आहे आणि मागचंही जागं झालं, की ती प्रत्यभिज्ञा. ‘तोच हा देवदत्त’ हे तिचं नेहमीचं उदाहरण. चाहते ज्याला आठवण म्हणतात ते आमच्या मते बहुतेक वेळा स्मरण नसतंच, प्रत्यभिज्ञा असते. गाणं आत्ता, या क्षणी कानावर पडतंय. त्या पायावर ‘तोच हा’ असा निकाल दिला जातो, आणि निकाल देताना खोली, पाऊस, भाऊ सगळे साक्षीला बोलावले जातात. बौद्धांनी इथेच बोट ठेवलं. कापलेले केस पुन्हा वाढतात, आपण म्हणतो तेच केस. दिव्याची ज्योत क्षणाक्षणाला नवी, आपण म्हणतो तीच ज्योत. सारखेपणाला आपण एकपणा समजतो. नैयायिकांचं उत्तर असं की बाधक ज्ञान पुढे येत नाही तोवर प्रत्यभिज्ञेवर विश्वास ठेवावा. आमचा कल नैयायिकांकडे. पण सोनेरी लेस पॉल हे बाधक ज्ञान नव्हे तर काय?

याची उलट बाजूही या बँडच्याच चरित्रात आहे, आणि ती ऐकून आम्हाला दर वेळी अस्वस्थ व्हायला होतं. सिड बॅरेट हा या बँडचा पहिला गायक, गिटारवादक, बहुतेक सुरुवातीच्या गाण्यांचा कर्ता. त्याचं मन बिघडत गेलं, 1968 मध्ये तो बाहेर पडला. त्याच्या जागी त्याचाच मित्र आला, गिल्मोर. सात वर्षांनी, जून 1975 मध्ये, लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’चं काम चालू होतं. ते गाणं सिडविषयीचंच. तिथे एक जाडा, डोकं आणि भुवया भादरलेला माणूस येऊन बसला. कोणीतरी असेल म्हणून बराच वेळ कोणी लक्ष दिलं नाही. तो सिड होता. ज्याच्या आठवणीचं गाणं चाललं होतं तो खोलीत होता आणि त्याला कोणी ओळखलं नाही. त्या दिवसाविषयी पुढे बँडमधल्यांनी जे सांगितलं तेही एकमेकांशी पुरतं जुळत नाही.

म्हणजे बघा. गिटारचे निम्मे-अधिक भाग बदलले तरी ‘तीच ही’. माणूस मात्र तोच, आणि ‘तोच हा’ म्हणायला कोणी नाही. का? कारण गिटारवर आपण आठवण टांगतो. खुंटी मुकाट उभी राहते. माणूस खुंटी होत नाही, तो जाडा होतो, भुवया भादरतो, नको तेव्हा दारात येतो.

फेंडर कंपनीने 2008 साली या गिटारची प्रतिकृती विकायला काढली, दोन प्रकारांत : एक कोरी करकरीत, दुसरी ‘रेलिक’. रेलिक म्हणजे कारखान्यातच झिजवलेली, पोचे पाडलेली, रंग उडवलेली. दुसऱ्याच्या चाळीस वर्षांच्या हाताळणीच्या खुणा पहिल्या दिवशी मिळतात. चाहत्यांच्या अलीकडच्या लेखनाविषयी आमचा आक्षेप हाच आहे, की ते रेलिक होत चाललंय. पिकअपचा क्रमांक अचूक, ॲम्प्लिफायरचं नाव अचूक, आणि ज्या भावाच्या खोलीत ऐकलं त्या भावाचा स्वभाव काय, तो पुढे कुठे गेला, याला एक ओळही नाही. सामानाची यादी वाढली आणि माणसं गळाली.

आणि आता आमच्यावर येतो, कारण दुसऱ्यांना तपासून झाल्यावर स्वतःला सोडणं बरं नव्हे.

1980 साली आम्ही पुण्यात नव्याने अधिव्याख्याता झालो होतो. सदाशिव पेठेत एका वाड्यात खोली, रूम पार्टनर गणिताचा. ‘द वॉल’ त्याने कोणाकडून तरी कोऱ्या कॅसेटवर भरून आणला होता. सोलो जवळ आला की तो उजव्या हाताचं बोट वर करायचा आणि म्हणायचा, “ऐक, आता काळी बोलतेय.” हे वाक्य आम्ही चाळीस वर्षं जपलं. वर्गात सांगितलं. तो गेला तेव्हा शोकसभेतही सांगितलं, लोकांचे डोळे भरून आले. आमचेही.

2019 च्या त्या लिलावानंतर सोनेरी लेस पॉलविषयी वाचलं, तेव्हा पहिला विचार आला : बिचारा चुकला होता. दुसरा विचार यायला दोन दिवस लागले. कोऱ्या कॅसेटला वेष्टन नसतं. त्याला ‘काळी’ ठाऊक असणार कशी? जो प्रश्न आम्ही इतरांच्या आठवणींच्या समासात काढत होतो तोच हा. बहुधा तो तसं म्हणालाच नसावा. बहुधा ते आमचं वाक्य आहे, कुठल्याशा मासिकातून उचललेलं, आणि आम्ही ते त्याच्या तोंडी घातलं. जिवंत माणसाच्या तोंडी घातलं असतं तर त्याने झिडकारलं असतं.

वहिनींना फोन केला. त्यांचं लग्न 1981 चं, म्हणजे पुढची काही वर्षं ती कॅसेट त्यांच्या घरी वाजली. त्या म्हणाल्या, “बोट वर करायचे खरे. पण बोलायचे कुठे? मी बोलले तर मलाच ‘श्श’ करायचे.” मग थोडं थांबून म्हणाल्या, “आणि भाऊजी, तो कॅसेट प्लेअर तुमचा होता. तुम्ही परत मागितला नाहीत. अजून माळ्यावर आहे.”

आम्हाला तो प्लेअर अजिबात आठवत नाही.

चला, वेळ होत आली. प्रश्न असतील तर घेऊ. माइक तिकडे मागच्या रांगेत द्या, त्यांचा हात मघापासून वर आहे.