कालाम सुत्ताचे अर्धे वाचन

अंगुत्तर निकायाच्या तिक निपातातील कालाम सुत्त आपल्याकडे वारंवार सांगितले जाते. परंतु बहुधा अर्धेच. ऐकीव गोष्टीवर, परंपरेवर विसंबू नका, एवढे सांगून वक्ते थांबतात. तेवढ्याने भागत नाही. कटाच्या कथा पसरविणाराही स्वतःला चिकित्सकच म्हणवितो.

दि. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने विद्यापीठ नामांतराचा ठराव संमत केला. 'मराठवाड्याची अस्मिता पुसली जाणार' ही हाकाटी गावोगाव पोहोचली. दलितांची घरे जळाली. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळे यांची हत्या झाली. वस्तुतः हे विद्यापीठ १९५८ चे. त्याच्या आठ वर्षे आधी तेव्हाच्या औरंगाबादेत बाबासाहेबांनीच मिलिंद महाविद्यालय उभारले होते. हे कोणापासून लपलेले नव्हते. तरी हाकाटी खरी वाटली, कारण ती मनातील जुन्या जातिदृष्टीशी जुळणारी होती. सुत्तातील 'दिट्ठिनिज्झानक्खन्ति' हे पद नेमका हाच दोष दाखविते: आपल्या आधीच्या मताला पटते म्हणून स्वीकारणे. आमचे विवेचक हे पद घाईने उरकतात, ही माझी तक्रार आहे.

१४ जानेवारी १९९४ च्या नामविस्तारात 'मराठवाडा' कायम राहिला. त्याच वर्षी नांदेडच्या नव्या विद्यापीठाच्या नावातही तो आला.

सुत्ताचा उत्तरार्ध विचारतो, या मताने लोभ, द्वेष, मोह वाढतो काय? मुरुडच्या विहारात एका तरुणाने विचारले, आपल्या बाजूची अफवाही अशीच तपासायची काय? होय. 'हा श्रमण आमचा गुरू आहे' हे कारणही तथागतांनी तेथे अपुरे ठरविले आहे.